गिटारवरचा दशावतार

भरदुपारी तुमच्या घराच्या हॉलमध्ये एखादा मालट्रक शिरला तर कसं वाटेल? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सिडकोतल्या घरी अगदी तसंच झालं. माझा दहावीतला भाचा सुट्टीला आला होता. कोपऱ्यात बसून, कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून तो मान जोरजोरात मागेपुढे करत होता. तेवढ्यात त्याच्या फोननं हेडफोन सोडला आणि हॉलमधला मोठा स्पीकर पकडला. झालं! घरभर एकच कल्लोळ. ढोल-ताशाचं अख्खं पथक घरात आणून उभं केलं असतं तरी इतका आवाज झाला नसता. आणि त्या सगळ्यावर चढलेला एक घोगरा आवाज. माणसाचा म्हणावा तर माणसाचा वाटेना, आणि वाघाचा म्हणावा तर शब्द चक्क इंग्रजी!

माझी आई, म्हणजे त्याची आजी, मेथी निवडत बसली होती. ती दचकून म्हणाली, "कोण भांडायलंय रे?"

"कुणी नाही आजी, गाणं आहे."

"ह्याला गाणं म्हणतात? कुणाचं?"

"डीमॉनिक रिझरेक्शन नावाचा बँड आहे. मुंबईचा."

"म्हणजे काय त्याचा अर्थ?"

भाचा जरा अडखळला. "म्हणजे... राक्षसाचं पुन्हा जिवंत होणं, असं काहीतरी."

"सणासुदीला असलं ऐकतात का? बंद कर आधी."

"बंद करतो. पण आजी, गाण्याचं नाव 'नरसिंह' आहे."

मेथीची जुडी आजीच्या हातातच राहिली.

ह्या एका वाक्यानं आमच्या घरात पुढचे तीन-चार दिवस जे काही चाललं, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं. कारण 'हा काय गोंगाट लावलाय' हे वाक्य तुमच्याही घरी अधूनमधून ऐकू येत असणारच.

तर आधी बँडची ओळख करून घेऊ. मुंबईच्या साहिल माखिजा नावाच्या तरुणानं २००० साली हा बँड सुरू केला. तो गिटार वाजवतो, गातो, गाणी रचतो, आणि स्वतःला 'डीमनस्टीलर' म्हणवतो. हे नाव ऐकून घाबरू नका. हाच माणूस यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' ह्या नावानं स्वयंपाकाचा कार्यक्रमही करत आला आहे, आणि त्यात तो अगदी प्रेमानं पाककृती शिकवतो. आजीला हे सांगितलं तेव्हा तिचा अर्धा राग तिथंच गेला. "स्वयंपाक करतो म्हणतोस? मग बरा असेल," हे तिचं मत.

ते वाजवतात त्या संगीताला मेटल म्हणतात. रॉक संगीताचं हे सगळ्यात दणकट भावंड. आपल्याकडे रॉकचं वेड तसं जुनंच. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा मोठा जलसा भरू लागला. धोबीतलावच्या रंगभवनात पोरं घामाघूम होईपर्यंत नाचायची. पण ह्या जगाची बातमी मराठी घरांपर्यंत फारशी पोचली नाही. एक तर गाणी इंग्रजीत, दुसरं म्हणजे रेडिओवर त्यांना जागा नाही, आणि सिनेमाशी तर काही संबंधच नाही. डीमॉनिक रिझरेक्शनला २०१० साली 'मेटल हॅमर' ह्या ब्रिटिश मासिकाचा 'गोल्डन गॉड्स' पुरस्कार मिळाला. पण मुंबईपासून साडेतीनशे किलोमीटरवर असलेल्या आमच्या गावात कुणाला ते नाव माहीत होतं म्हणता? माझ्या भाच्याला, आणि बहुधा त्याच्या वर्गातल्या आणखी दोघा-तिघांना.

आता थोडं विज्ञान. तो वाघासारखा आवाज काढतात तरी कसा? आपल्या घशात खऱ्या स्वरतंतूंच्या किंचित वर आणखी दोन घड्या असतात. बोलताना, गाताना त्या एरवी गप्प बसून असतात. ह्या गुरगुराटाच्या गाण्यात गायक त्यांनाही थरथरायला लावतो, म्हणून आवाजाला ती दगड भरडल्यासारखी खरखर येते. हे शिकायला महिनोन्महिने लागतात. लगेच आरशासमोर उभे राहून करून बघू नका, घसा बसेल! (भाच्यानं केलं होतं. दोन दिवस हळदीचं दूध.)

आणि गिटारची ती करवतीसारखी धार? विजेच्या गिटारीत तारांच्या खाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात विजेचा बारीकसा प्रवाह तयार होतो. तो वाढवायचं काम अ‍ॅम्प्लिफायर करतो. त्याला मुद्दाम झेपेल त्यापेक्षा जास्त काम दिलं, की आवाजाच्या लाटांचे माथे कापले जातात. असे माथे कापले की मूळ सुरात नव्हते ते वरचे सूर त्यात मिसळतात आणि आवाज भरगच्च, काटेरी होतो. म्हणजे एका अर्थी ही यंत्राची चूकच! पहिल्यांदा ती कुठल्या तरी बिघडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून निघाली, लोकांना आवडली, आणि मग ती मुद्दाम करायला लागले.

आता मुख्य गोष्ट. २०१७ साली ह्या बँडनं एक अल्बम काढला. त्याचं नाव 'दशावतार'. गाणी किती? बरोब्बर दहा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की. एकेका गाण्याला एकेका अवताराचं नाव, आणि तेही ओळीनं. शब्द इंग्रजी, वाद्यं मुख्यतः मेटलची, पण गोष्ट मात्र थेट आपल्या आजीच्या मांडीवरची. असा एकाच सूत्रात ओवलेला अल्बम असला की त्याला कन्सेप्ट अल्बम म्हणतात. त्यातलं एखादंच गाणं उचलून ऐकलं तर मजा अर्धीच राहते. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं, गोष्टीचं पुस्तक वाचावं तसं.

"म्हणजे गीतरामायणच की!" आजी म्हणाली.

मी चकितच झाले. पण तिचं काय चुकलं? १९५५च्या रामनवमीला पुण्याच्या आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभरात छप्पन गाणी, आणि सगळी मिळून एक गोष्ट. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्याकडे शेजारीपाजारी गोळा व्हायचे. कन्सेप्ट अल्बम हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी मराठी माणसानं तो ऐकलेला होता! फरक एवढाच की तिथं कान तृप्त होतात आणि इथं आधी ते हादरतात. पण हादरणं हेही काही वाईट नाही. खांब फोडून नृसिंह बाहेर येतो ती घटना काय बासरीवर सांगायची?

ह्या दहा जणांची माळ आपल्या राज्यात नाना रूपांनी फिरलेली आहे. कोकणात जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी नाटक रंगतं. त्यात सुरुवातीला काळ्या कपड्यांतला, लाल जीभ लोंबवणारा संकासुर येतो. हा वेद पळवणारा राक्षस, म्हणून मत्स्यावतार. पोरं आधी घाबरतात आणि मग त्याच्याच मागे लागतात. सावंतवाडीला गेलात तर राजवाड्यात गंजिफा बघा. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. आपल्या साध्या कॅटमध्ये चार रंग, पण दशावतारी गंजिफात दहा रंग, एकेका अवताराचा एकेक, आणि प्रत्येकात बारा पाने. एकूण एकशेवीस. देवांची नावं घेत घेत पत्ते कुटायची ही युक्ती ज्यानं कुणी काढली तो मोठाच हुशार असला पाहिजे! राक्षसाच्या मुखवट्यावर आणि पत्त्यांवर जी गोष्ट चालते ती गिटारवर का चालू नये?

एक गोष्ट मात्र इथं सांगायलाच हवी. नवव्या जागी बुद्धांचं नाव आहे. पुराणांतल्या बऱ्याच याद्यांत ते तसंच येतं आणि बँडनं तीच यादी घेतली आहे. पण बौद्ध लोक गौतम बुद्धांना विष्णूचा अवतार मानत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एक अगदी ह्याच मुद्द्यावर आहे. भाच्याचा जिवलग मित्र बौद्ध आहे. त्यानं अल्बम ऐकून साफ सांगितलं, "आठ आवडली, दहावं पण आवडलं, नववं तुमच्या यादीत नको." मला त्याचं म्हणणं पटलं. गाणं आवडणं वेगळं आणि त्यातली यादी मान्य असणं वेगळं. दोघांची दोस्ती आहे तशीच आहे.

रात्री जेवताना आजीनं विचारलं, "दहाव्या गाण्यात जगबुडी होते का रे?"

कल्की अजून यायचाय. भागवतात त्याची गोष्ट आहे. शंबल नावाच्या गावात, विष्णुयश नावाच्या ब्राह्मणाच्या घरी तो जन्मेल, देवदत्त नावाच्या घोड्यावर बसेल आणि हातात तलवार घेऊन दुष्टांचा नाश करेल. पण जग तिथं संपत नाही बरं का! कलियुग संपून पुन्हा सत्ययुग सुरू होतं. पुराणांच्या हिशेबानं कलियुग चार लाख बत्तीस हजार वर्षांचं, आणि त्याची सुरुवात परंपरेप्रमाणे इसवी सनाच्या आधी ३१०२ साली झाली. म्हणजे संपली किती? जेमतेम पाच हजार शंभरच्या आसपास. उरली चार लाख सव्वीस हजारांहून जास्त. तेव्हा 'कल्की येणार आहे' म्हणून गृहपाठ टाळता येणार नाही.

जगाच्या शेवटाची गोष्ट वाद्यांवर सांगण्याची हौस फक्त आपल्यालाच होती असं समजू नका. मी भाच्याला त्या रात्री एक जुनी रेकॉर्ड ऐकवली. तिचं नाव म्हणजे नुसता आकडा, '६६६'. ती केली चार ग्रीक तरुणांनी. बँडचं नाव 'अ‍ॅफ्रोडाइट्स चाइल्ड'. ग्रीसमध्ये १९६७ साली लष्करानं सत्ता बळकावली, तेव्हा ही मंडळी देश सोडून लंडनला निघाली. पण वाटेत पॅरिसमध्येच अडकली, कारण १९६८ साली तिथं विद्यार्थ्यांचं मोठं आंदोलन आणि संप चालले होते. मग तिथंच राहून त्यांनी गोड गोड प्रेमगीतं केली आणि ती युरोपभर खपलीसुद्धा. कंपनी खूश. पण बँडचा म्होरक्या व्हॅन्जेलिस ह्याचं मन त्यात रमेना. त्याला काहीतरी अफाट करायचं होतं.

कोस्टास फेरिस ह्या लेखकानं त्याला शब्द लिहून दिले. आधार घेतला बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचा. मराठी बायबलमध्ये त्याला 'प्रकटीकरण' म्हणतात. योहान नावाच्या भक्ताला पात्मस नावाच्या बेटावर जगाच्या शेवटाचं दर्शन घडतं अशी ती कथा. सात शिक्क्यांनी बंद केलेली गुंडाळी, एकेक शिक्का फुटतो, पांढऱ्या, तांबड्या, काळ्या आणि फिकट रंगाच्या घोड्यांवरून चार स्वार सुटतात, सात देवदूत सात कर्णे फुंकतात. आणि ६६६ हा त्यातल्या दुष्ट श्वापदाचा आकडा. हिब्रू लिपीत प्रत्येक अक्षराला एक किंमत असते. जुलमी रोमन बादशहा नीरो ह्याचं नाव पदवीसकट त्या लिपीत लिहून बेरीज केली की ६६६ येते. हे सांकेतिक कोडं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. म्हणजे बादशहाचं नाव न घेता त्याच्यावर टीका करायची सोय!

फेरिसची कल्पना तर भन्नाटच होती. एका तंबूत सर्कस चालू आहे. सर्कसवाले जगाच्या शेवटाचा खेळ करून दाखवताहेत. आणि त्याच वेळी तंबूच्या बाहेर जगाचा खराखुरा शेवट सुरू झालाय! आतल्या प्रेक्षकांना वाटतं, वा, काय आवाज काढतात, काय उजेड पाडतात! शेवटी तंबू फाटतो आणि आतलं-बाहेरचं एक होतं. हे ऐकून भाच्यानं जेवण अर्धवट टाकून लाइट बंद केले आणि रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.

१९७०च्या अखेरीस आणि १९७१च्या सुरुवातीला हे रेकॉर्डिंग झालं. पण कंपनीनं काढायला नकार दिला. त्यांना पाहिजे होती गोड गाणी, आणि मिळाल्या काय तर दोन तबकड्या भरून जगबुडी. त्यात एका तुकड्यात इरीन पापास ही मोठी ग्रीक अभिनेत्री एकच छोटं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते. कुजबुजीपासून सुरू होऊन किंकाळीपर्यंत, पाच मिनिटं. कंपनीच्या साहेबांना ते ऐकवेना. वाद वाढत गेला. १९७२ साली रेकॉर्ड एकदाची बाजारात आली तोवर बँड फुटलेला होता. ज्यांनी ती केली त्यांनी ती एकत्र कधी लोकांसमोर वाजवलीच नाही.

वर आणखी एक गंमत. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांनी छापलं होतं की हे काम 'सालेप'च्या अमलाखाली झालं आहे. आकडा सैतानी, वर हे! लोकांना वाटलं, हे काहीतरी भयंकर व्यसन किंवा सैतानपूजा असणार. आणि सालेप म्हणजे काय होतं? एका ऑर्किडच्या कंदाची पूड घालून उकळलेलं गरम दूध! ग्रीस-तुर्कस्तानात थंडीत रस्त्यावर विकतात ते. आजीला मी वर्णन करून सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "सालममिश्री असणार. काष्ठौषधीच्या दुकानात मिळती की. तुझ्या वेळेला मला दुधातून दिली होती." सैतानाचं पेय निघालं बाळंतिणीचं!

व्हॅन्जेलिस पुढे फार मोठा झाला. 'चॅरियट्स ऑफ फायर' ह्या सिनेमाच्या संगीतासाठी त्याला १९८२ साली ऑस्कर मिळालं. गंमत म्हणजे त्याला नोटेशन लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं कानावर. २०२२ साली तो गेला. त्याचा गायक मित्र डेमिस रूसोस हाही जगभर गाजला आणि २०१५ साली गेला. '६६६'ला मोठी रेकॉर्ड म्हणायला लोकांना पुढची बरीच वर्षं लागली.

मला ह्या दोन अल्बमांत सारखेपणा वाटतो तो इथं. दोघांचंही नाव किंवा आकडा बघून लोक आधीच पाठ फिरवतात. राक्षस म्हटला, सैतानाचा आकडा म्हटला, की झालं, आत काय आहे ते कोण बघणार? आणि ज्यांनी दार उघडलं त्यातलेही बरेच जण पाच मिनिटांत परत गेले, कारण दोन्हीकडं गोष्ट पहिल्यापासून ऐकल्याशिवाय लागत नाही. आता तर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती बघायची सवय. पाऊण-पाऊण तास एकाच जागी बसून ऐकायचं म्हणजे शिक्षाच! मी स्वतः 'दशावतार' पहिल्या बैठकीत पूर्ण ऐकू शकले नाही, हे कबूल करते. परशुरामापर्यंत पोचले आणि चहा करायला उठले. दुसऱ्या वेळी पुन्हा मत्स्यापासून सुरुवात केली, तेव्हा कुठं जमलं. तरी एक-दोन गाणी मला अजून एकसारखीच वाटतात. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, "मावशी, तुला पण दोन वाघ एकसारखेच वाटत असतील."

आणि घोडा! कल्की घोड्यावर येतो, चित्रांत तो घोडा पांढराशुभ्र असतो. 'प्रकटीकरणा'तही शेवटाकडे पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो आणि त्यानंतर नवं आकाश, नवी पृथ्वी. कुठं पात्मस बेट आणि कुठं शंबल! आजीनं ह्यावर काही मत दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "चला, वेरूळला जाऊन येऊ. दशावतार दाखवते तुम्हाला. मी शाळेत असताना बघितलेला."

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, म्हणून आम्ही बुधवारी निघालो. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी. छावणी, मिटमिटा, मग देवगिरीचा किल्ला डोळे भरून दिसतो, मग खुलताबादचा घाट, आणि तीसेक किलोमीटरवर वेरूळ. इथं चौतीस लेणी आहेत. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. सगळे पर्यटक धावतात सोळा नंबरला, म्हणजे कैलासाकडे. त्याच्या शेजारचं पंधरा नंबर बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. तेच दशावतार लेणं. कैलासासारख्या दणदणीत भावाच्या शेजारी जन्मलं, हाच त्याचा दोष!

पायऱ्या चढून गेलं की अंगण लागतं आणि मध्ये एकाच खडकातून कोरलेला मंडप. त्याच्या भिंतीवर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा लेख आहे, आठव्या शतकातला. लेणं दुमजली आहे. मुळात ते बौद्ध विहार म्हणून खोदायला घेतलं असावं असं अभ्यासकांना वाटतं. वरच्या मजल्यावर चौकोनी खांबांच्या ओळी, आणि भिंतीतल्या कोनाड्यांत माणसापेक्षा उंच मूर्ती. एका बाजूला शिवाच्या कथा, कैलास हलवणारा रावण, मार्कंडेयाला वाचवणारा शिव. आणि समोरच्या बाजूला विष्णूच्या. गोवर्धन उचललेला कृष्ण, शेषावर पहुडलेला विष्णू, पृथ्वीला उचलून घेणारा वराह, एक पाय आभाळाकडे फेकलेला वामन.

आणि नृसिंह. आपण कॅलेंडरवर जो नृसिंह बघतो त्यात हिरण्यकशिपू मांडीवर आडवा असतो आणि गोष्ट संपलेली असते. इथं नाही! इथं हिरण्यकशिपू उभा आहे, त्याच्या हातात तलवार आहे, ढाल आहे. तो अजून हरलेला नाही. नृसिंहानं त्याला नुकतं धरलंय. पुढच्या क्षणी काय होणार हे आपल्याला माहीत आहे, पण त्या राक्षसाला माहीत नाही. बाराशे-तेराशे वर्षं झाली, तो क्षण तिथंच थांबलाय.

भाच्यानं खिशातून फोन काढला, फोटो काढायला नाही. इअरफोन कानात घातले आणि चौथं गाणं लावलं. मूर्तीसमोर तो न हलता उभा होता, नेहमीसारखी मानही हलवत नव्हता. गाणं संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, ह्यातला ड्रम आता कळला." मी विचारलं, "म्हणजे?" तर म्हणे, "तो हात बघ ना, धरलेला." मला नीटसं समजलं नाही. पण त्याला समजलं होतं.

आजी मात्र एकेका कोनाड्यापुढे थांबून बोटं मोजत होती. दोन फेऱ्या झाल्या. मग ती खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "नाव दशावतार, अन् दहा कुठं आहेत? मत्स्य दिसंना, परशुराम दिसंना. अन् तो शेवटचा? घोड्यावाला?"

आम्हीही पुन्हा शोधलं. दहावा काही सापडला नाही. ह्या लेण्याचं नाव दशावतार असलं तरी दहा जण ओळीनं काही कोरलेले नाहीत.

परतीच्या एसटीत खूप गर्दी होती. घाट उतरताना आजीला खिडकीजवळ जागा मिळाली, भाचा तिच्या शेजारी दाटीवाटीनं बसला. देवगिरी मागे पडला तेव्हा मी बघितलं, एक इअरफोन त्याच्या कानात होता आणि एक आजीच्या.

"आवाज कमी कर जरा," आजी म्हणाली. त्यानं केला.

"दहावं लावलंस ना?"

"हो."

"घोड्याच्या टापा येतात का रे ह्याच्यात?"

"तूच ऐक अन् सांग," भाचा म्हणाला. आजीनं डोळे मिटले.